रिकाम्या खोलीचा हिरवा रंग

लाल रंगाने आपला घात केला, असं मालकीणबाईंचं ठाम म्हणणं होतं.

बाईंचं वृद्धनिवास होतं. त्या आल्या होत्या सॉफ्टवेअर कंपनीत तक्रार घेऊन, आणि काचेच्या खोलीत त्यांच्यासमोर त्यांच्याच निवासाची पाटी पडद्यावर उघडून ठेवली होती. पाटी म्हणजे नुसते चौकोन. दर खोलीला एक. आतल्या माणसाने पलंगाजवळची घंटी दाबली किंवा न्हाणीघरातल्या घंटीची दोरी ओढली की त्याचा चौकोन लाल व्हायचा. कोणी जाऊन काय हवं-नको ते बघितलं आणि दाराजवळचं बटण दाबलं की पुन्हा हिरवा. खोली रिकामी असली तर करडा. शेंबड्या पोरालाही कळेल एवढं सरळ काम, आणि तिथेच सगळी अडचण होती. सरळ कामात लपायला जागा नसते.

"रविवारी नातेवाईक येतात हो," बाई म्हणाल्या. "खाली दिवाणखान्यात ही एवढी मोठी पाटी. त्यांना लाल दिसतं. मग विचारतात, आमच्या बाबांचा चौकोन मघापासून लालच कसा? काय सांगू मी? सगळं वातावरण नासतं."

"मॅडम, वर कोणाला तरी पाठवा," कोपऱ्यातून आवाज आला. "लाल आपोआप जाईल. ती सोय मी पहिल्या दिवशीच करून ठेवलीय."

ही बोलली ती करवत. ऑफिसात तिला पाठीमागे सगळे हेच म्हणायचे, जाताना कापते आणि येतानाही कापते म्हणून. तिच्या कानावर ते कधीच आलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते नाव आवडलंही होतं. पाटी तिने केली होती. त्या चौकोनाची ओळ न् ओळ तिची.

साहेब मंद हसला. त्याला सगळे मखमल म्हणत. आवाज असा मऊ की माणसाला नोकरीवरून काढलं तरी तो आभार मानून बाहेर पडायचा आणि जिन्यात पोचल्यावर त्याला घाम फुटायचा.

"आपण जरा भावनेच्या बाजूने विचार करूया का?" मखमल म्हणाला. "रंग म्हणजे शेवटी भावना. भेटीच्या वेळेत पाटी शांत दिसली पाहिजे, एवढंच मॅडमचं म्हणणं आहे. आणि आपल्याला काय, एक अट तर घालायचीय."

"सर, पाच मिनिटांचं काम," होयबा लगेच म्हणाला.

होयबा हा कंपनीतला ज्येष्ठ. त्याने आयुष्यात एकदाच 'नाही' म्हटलं होतं, 'तुला हे जमेल का' असं करवतीने विचारलं तेव्हा, आणि तेही त्याने दुपारनंतर मागे घेतलं होतं.

करवतीने पेन टेबलावर टाकलं. "अट मीही घातलीय सर. जावास्क्रिप्टमध्ये अट लिहायला एक प्रश्नचिन्ह असतं आणि एक अपूर्णविराम. घंटी वाजली का? वाजली तर लाल, नाही तर हिरवा. ही अट. आता तुम्ही म्हणताय, बघणारे आलेत का? आलेत तर हिरवा. याला मी अट म्हणत नाही. घरात पाहुणे आल्यावर भिंतीचा पोपडा दिसू नये म्हणून त्याच्यावर कॅलेंडर टांगतात, त्यातला प्रकार आहे हा."

"छान उदाहरण," मखमल म्हणाला. "कॅलेंडर सगळेच टांगतात."

"मी लिहिणार नाही."

"नकोच लिहूस तू." आवाज आणखी मऊ झाला. "हा लिहील की."

बैठक संपली. कॉफीच्या मशीनपाशी करवतीने होयबाला गाठलं. तो साखरेच्या पुड्या खिशात कोंबत होता.

"हे बघ, चौकोन एकदाच लिहिलाय आणि तीन ठिकाणी लावलाय," ती म्हणाली. "खाली दिवाणखान्यात, वर सिस्टरच्या टेबलावर, आणि घरच्यांच्या मोबाइलवर. तुझी अट चौकोनाच्या पोटात घालू नकोस. 'तू दिवाणखान्यात आहेस' असं त्या चौकोनाला बाहेरून सांग. नाहीतर वर सिस्टरलाही सगळं हिरवंगार दिसेल."

"अगं हो, कळतं मला तेवढं. तू पैदा व्हायच्या आधीपासून करतोय मी हे."

"मी शाळेत होते तेव्हा हे आलं. आणि तेव्हा तू छापखान्याची मशीनं विकत होतास."

"तोंड आवर जरा," होयबा म्हणाला आणि सहावी पुडी उचलून गेला.

आता खरं तर तिने दोन दिवसांनी ते उघडून बघायला हवं होतं. दोन ओळींचा प्रश्न. नाही बघितलं. ज्या घाणीत आपण हात घातला नाही ती हुंगायलाही जायचं नाही, हा तिचा बाणा. तुच्छता ही फार आरामाची खुर्ची असते. एकदा टेकलं की उठवत नाही.

आणि त्या निवासात तिची आत्या होती.

आईबाप गेल्यावर आत्यानेच तिला वाढवलं होतं. आत्या बसची कंडक्टर. खांद्याला पिशवी, बोटांत तिकिटं, आणि जिभेवर असं काही की दारात लोंबणारी धटिंगणंही मुकाट आत सरकायची. लग्न केलं नाही. "अख्खी बस सांभाळते, त्यात एक नवरा कुठे बसवू? उभ्याने येईल तर येऊ दे," म्हणायची. पुढे गुडघे गेले. करवतीचं घर वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि ती दिवसभर ऑफिसात. आत्या एकदा जिन्यात मध्येच बसून राहिली. शेजारी येईपर्यंत तशीच. त्यानंतर निवास.

तिथे ठेवताना करवतीने स्वतःची समजूत घातली होती: ती पाटी मी केलीय, आत्या माझ्या डोळ्यांसमोरच असेल. आणि होतीही. बैठकीत, रस्त्यात, जेवताना ती मोबाइल काढायची, आत्याचा चौकोन हिरवा बघायची आणि घास गिळायची. भेटायला जाणं आधी दर रविवारी होतं. मग एक रविवार आड झालं. मग 'बघू'.

"तू उंटावरून शेळ्या हाकतेस," आत्या म्हणाली होती. "येतेस कमी, बघतेस जास्त."

"आत्या, काही झालं तर मला लगेच कळतं."

"काही झालं तर. आणि काही नाही झालं तर? तेव्हा बोलायला कोण येणार, तुझा चौकोन?"

करवतीने तो विषय हसण्यावारी नेला होता.

निवासात घंटीचा आवाज नव्हता. आधी होता. मखमलने काढायला लावला, जाहिरातीत 'शांत निवास' लिहिता यावं म्हणून. दारांवर छोटे दिवे होते, तेही उतरवले, भिंती स्वच्छ दिसाव्यात म्हणून. आता कोण बोलावतंय हे कळायला पाटीशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं.

पाटीच्या उद्घाटनाचा रविवार ठरला. पाटी सहा महिने चालू होती, पण फीत कापल्याशिवाय वस्तू सुरू झाली असं मोठ्या लोकांना वाटत नाही. नातेवाइकांना मुद्दाम बोलावणं गेलं. करवतीलाही हुकूम होता, काही अडलं तर हाताशी असावी म्हणून. ती आली, फुलांच्या कमानीखालून आत शिरताना शिंकली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

दिवाणखाना गच्च भरला होता. ज्या म्हाताऱ्यांना चालता येत होतं त्यांना आंघोळी घालून, इस्त्रीचे कपडे चढवून पुढच्या रांगेत मांडलं होतं, दुकानात भांडी मांडतात तसं. चालता न येणारे वर. त्यांचे मुलगे, सुना, लेकी, जावई खाली चहा-बिस्किटं खात उभे होते. आधी समारंभ, मग भेट, असं मालकीणबाईंनी सांगितलं होतं, आणि त्याला कोणीही हरकत घेतली नव्हती. एकही जण जिन्याकडे बघून चुळबुळला नाही. एक सून मात्र दोनदा म्हणाली की बिस्किटं मऊ पडलीत.

आत्या खाली आली नव्हती. सकाळीच तिने मावशींना, म्हणजे वरचं सगळं काम बघणाऱ्या बाईला, सांगून टाकलं होतं, "मला नका सजवू. मी काही बक्षिसाचा कप नाही."

मखमल माइकपाशी उभा होता. मागे भिंतभर पाटी. सगळी हिरवी. नुकतं पाणी घातलेल्या हिरवळीसारखी.

"या पाटीकडे बघा," तो म्हणाला. "काय सांगते ती? एकच शब्द. समाधान."

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत एका आजीला वाटलं कार्यक्रम संपला. ती उठू लागली, तिला पुन्हा बसवलं.

करवत पाटी बघत होती. खालची पाटी खोटी, हे तिला माहीतच होतं. तरी एका चौकोनापाशी तिची नजर अडकली. तळमजल्याची कोपऱ्यातली खोली. तिथे बुद्धिबळवाले आजोबा राहायचे, एकटेच दोन्ही बाजूंनी खेळायचे आणि हरले की चिडायचे. ते मागच्या आठवड्यात गेले. खोली रिकामी. ती करडी असायला हवी होती. हिरवी होती.

होयबाने मेलेला माणूसही खूश करून ठेवलाय, तिच्या मनात आलं, आणि तिला हसू फुटलं. गाढव तो गाढवच. त्याला करड्या रंगाची आठवणसुद्धा झाली नाही.

हसता हसता सवयीने तिचा हात मोबाइलकडे गेला. आत्याचा चौकोन. हिरवा. बरं. मोबाइल खिशात.

आणि मग खिशातच तिची बोटं थिजली.

तिने तो पुन्हा बाहेर काढला. आता आत्याचा चौकोन नाही बघितला. कोपऱ्यातली खोली बघितली. मोबाइलवरही हिरवी.

म्हणजे अट चौकोनाच्या पोटातच होती. सगळ्यांत वर, सगळ्यांच्या आधी. भेटीची वेळ आहे का? आहे. मग हिरवा. घंटी वाजली की नाही, आत माणूस आहे की नाही, जिवंत आहे की नाही, पुढचं कोणी विचारतच नव्हतं. खालची पाटी, वरचं टेबल, खिशातला मोबाइल, सगळीकडे.

ती जिन्याकडे धावली. कोणाच्या तरी कपातला चहा सांडला. "अहो बाई, बघून!" असं कोणीतरी म्हणालं.

वरच्या मजल्यावर सिस्टर टेबलाशी औषधांच्या डब्या लावत बसल्या होत्या. पुढ्यात स्क्रीन. हिरवा.

"आज काय शांत आहे ना," सिस्टर हसून म्हणाल्या. "घरचे आले की कशी गुणी होतात म्हातारी मंडळी."

"सिस्टर, ते बघू नका. ते खोटं आहे. दारं उघडा. सगळी!"

"काय?"

"सगळी दारं! मावशी, तुम्ही त्या टोकाकडून या!"

आत्याच्या पलंगावर आत्या नव्हती. चादर एका बाजूला ओढलेली. न्हाणीघराचं दार अर्धवट.

ती जमिनीवर बसली होती, पाठ भिंतीला, पाय ओल्या फरशीवर पसरलेले. उजवं मनगट टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं होतं. डाव्या हातात घंटीची दोरी. अजूनही ती ओढत होती, थांबून थांबून, सवयीने.

"आलीस?" आत्या म्हणाली. ओठ पांढरे पडले होते. "मला वाटलं, खालचं रंगकाम उरकल्यावर येशील."

"आत्या, किती वेळ झाला?"

"मला काय विचारतेस? तुझ्या मोबाइलला विचार. त्याला सगळं कळतं."

करवत तिच्याशेजारी ओल्या फरशीवर बसली आणि रडू लागली.

"रडू नकोस, फरशी आधीच ओली आहे," आत्या म्हणाली. "मी एक घंटी मारली की अख्खी बस थांबायची, पोरी. ड्रायव्हर कितीही मस्तवाल असो. एक घंटी. इथे दोरी तुटायची वेळ आली तरी कुत्रं फिरकलं नाही. कसली बस बनवलीस तू ही?"

सिस्टर धावत आल्या, मनगट बघून त्यांनी जीभ चावली. मोडलं होतं. दोघींनी मिळून आत्याला उचलून पलंगावर घेतलं. पलीकडून मावशींचा आवाज येत होता, एकेका दारातून. एक आजोबा ओल्या अंथरुणात बसून भिंतीकडे तोंड करून होते, कोणाला दिसू नये म्हणून. एकीचा श्वास चढला होता आणि दम्याचा पंप पलंगाखाली घरंगळला होता. एकीला फक्त खिडकी लावून हवी होती, पण तीही मघापासून कुडकुडत होती.

"मी येते," करवत म्हणाली.

"जा," आत्या म्हणाली. "आणि नरमाईने बोलू नकोस. तुला शोभत नाही."

खाली मखमल अजून समाधानावरच होता. पाटीला जोडलेला लॅपटॉप बाजूच्या टेबलावर, आणि त्याच्यासमोर होयबा राखणदारासारखा बसलेला. करवतीने त्याची खुर्ची चाकांसकट बाजूला ढकलली.

"अगं, ए! डेमो चालू आहे!"

"अट पोटात घातलीस."

"कसली अट?" मग त्याला कळलं. तोंडाचा रंग उतरला, पण मान उतरली नाही. "अगं, तेच सोपं पडत होतं. एकाच जागी लिहिलं की झालं. सर म्हणाले होते, लवकर हवंय."

"वर माझ्या आत्याचा हात मोडलाय. ती घंटी ओढत बसली होती आणि सिस्टरला हिरवं दिसत होतं."

होयबाने मखमलकडे बघितलं. त्याला दुसरीकडे बघता येतच नव्हतं.

मखमलने माइकवर हात ठेवला आणि जवळ आला. "हे बघ," तो इतक्या मऊपणे म्हणाला की पहिल्या रांगेतल्या एका आजोबांना तो तिची विचारपूस करतोय असं वाटलं, "आत्याचं वाईट वाटतं. खरंच. सगळी माणसं गेली की काढूया ती ओळ. आत्ता सगळे बघतायत."

"बघतायत म्हणूनच," करवत म्हणाली.

ती ओळ शोधावी लागली नाही. चौकोनात शिरताच पहिली तीच, उंबरठ्यावर आडवी पडलेली. तिने ती पुसली आणि बदल सगळीकडे पाठवून दिला. जांभई द्यायला लागतो तेवढा वेळ.

भिंत लाल झाली.

सगळी नाही. पण पुष्कळ. वरच्या मजल्याची तर अर्ध्याहून जास्त. आणि खाली कोपऱ्यात एक चौकोन करडा झाला, गप्प, खरा.

दिवाणखान्यात बिस्किटं चावण्याचा आवाजही थांबला. मग एक जावई, भारी कोट, हातात कप, म्हणाला, "बिघडलं वाटतं."

"हो, हो, तांत्रिक बिघाड!" मालकीणबाई किंचाळल्याच. "दोन मिनिटांत होईल. चहा घ्या ना, चहा घ्या!"

आणि काय सांगावं, माणसांचे चेहरे सैल पडले. बिघाड म्हटल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. माणसं वर पडलीत यापेक्षा यंत्र पडलंय हे ऐकायला केव्हाही बरं. कप पुन्हा ओठांना लागले.

करवतीने मखमलच्या हातातून माइक ओढला.

"बिघाड होता, तो मी आत्ता काढला. मघाशी तुम्ही जे हिरवं बघून टाळ्या वाजवल्यात, तो बिघाड. ज्याचा चौकोन लाल, त्याचं माणूस वर घंटी दाबून वाट बघतंय. कोणी पडलंय, कोणी ओलं झालंय. खोलीचा नंबर तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर विचारा, लाज वाटू देऊ नका. जिना त्या बाजूला आहे."

मग एक मुलगी धावली. तिच्यामागे एक थोराड मुलगा, कप हातातच घेऊन. मग आठ-दहा जणं. बाकीचे एकमेकांकडे बघत राहिले, कोण जातंय ते बघत. भारी कोटवाला फोन कानाला लावून बाहेर व्हरांड्यात गेला. त्याचा फोन वाजल्याचं कोणीच ऐकलं नव्हतं.

मऊ बिस्किटांची तक्रार करणारी सून पुढे आली. "ते आधीचं हिरवं परत कधी येणार? हे लाल बघून छातीत धडधडतं हो."

"वर जा," करवत म्हणाली. "दाराजवळ बटण आहे. आधी सासूबाईंना काय हवं ते विचारा. मग दाबा. हिरवं होईल."

"म्हणजे मीच जायचं?"

करवतीने जिन्याकडे बोट केलं. सून गेली. जिन्याकडे की दाराकडे, ते गर्दीत दिसलं नाही.

मखमल शेजारी येऊन उभा राहिला. "उद्यापासून येऊ नकोस," तो म्हणाला. आवाजात अजूनही तेच लोणी.

"उद्या मला फुरसतही नाही," ती म्हणाली, आणि आभार न मानता वर गेली. घाम तिला आला नाही. लाज आली. होयबाला ती गाढव म्हणत होती, मखमलला तर रोज मनातल्या मनात कापत होती, आणि मघाशी खोट्या पाटीखाली उभं राहून स्वतः तोच हिरवा ठिपका बघून तिने मोबाइल खिशात टाकला होता. वर आत्या होती. मध्ये फक्त एक जिना.

आत्या पलंगावर उशीला टेकून बसली होती, हाताला फळी बांधलेली. दवाखान्याची गाडी बोलावली होती. रंग थोडा परत आला होता.

"थांबली का बस?"

"थांबली."

"माणसं उतरली?"

"काही उतरली. काही म्हणाली, बिघाड आहे."

"असतात तशी," आत्या म्हणाली. "शेवटचा थांबा आला तरी झोपेचं सोंग घेणारी. मी त्यांना पिशवीने ढोसायचे. तुझी नोकरी?"

"गेली."

"बरं झालं. लोण्याने ओशट झाली होतीस."

करवत हसली आणि वळता वळता तिचा हात दाराजवळच्या बटणाकडे गेला. सवय. लाल दिसलं की हिरवं करायचं.

"हात काढ तिथून," आत्या म्हणाली. "माझं काम झालेलं नाही अजून."

"काय हवंय? पाणी देऊ?"

"तू बस आधी."

ती पलंगाच्या कडेला बसली. आत्याने डोळे मिटले आणि चांगला हात तिच्या मांडीवर ठेवला, जड, तिकिटांची पिशवी ठेवावी तसा. बाहेर मावशी आणि तो थोराड मुलगा चादरी बदलत होते, कुठेतरी कोणी मोठ्याने रडत होतं, आणि कोणीतरी त्याला हळू आवाजात काहीतरी सांगत होतं.

खाली दिवाणखान्यात एकेक चौकोन हिरवा होत गेला. काही झालेच नाहीत. आत्याचाही नाही. तो लालच राहिला, गाडी येईपर्यंत. शेवटी मालकीणबाईंनी एक टेबलक्लॉथ मागवला, आणि होयबाने खुर्चीवर चढून तो पाटीवर टाकला.